झाडं खाली, बोका आत

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ताई — वरची कुंडी गळते, डोक्यावर थेंब पडतील — इकडे या, या स्टुलावर बसा. आणि आवाज तेवढा बारीक ठेवा, ही आत झोपलीय, आत्ताच कुठं डोळा लागलाय. काय सांगत होतात — हां, तुमच्याकडे झाडं नाहीत म्हणून. एकही नाही? खिडकीत एक आहे — बघा, म्हणजे आहे की. सगळे असंच म्हणतात, झाडं नाहीत, आणि मग खिडकीत एक निघतं, कुणीतरी भेट दिलेलं दुसरं निघतं. कसली पानं आहेत? बदामासारखी, बाटलीतल्या पाण्यात वेल? मग तो मनीप्लांट. जीव जात नाही त्यानं, पण बोक्यानं चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते, दिवसभर पंजानं तोंड पुसत बसतो बिचारा. तो वर टांगा. कपाटावर नाही — कपाटावर ठेवलं की त्याला चढायला उलट निमित्त होतं — टांगा. आणि लिली घरात आणायची नाही. कुणी फुलांचा गुच्छ दिला आणि त्यात एक जरी लिली असली तरी दारातूनच परत करायची. पान नको, फूल नको — फुलातली पिवळी पूड अंगाला लागली आणि त्यानं अंग चाटलं, तरी मूत्रपिंड जातं. फुलदाणीतलं पाणीसुद्धा नको. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला, माहीत आहे मला, तरी मी पुन्हा सांगतो. तेवढंच माझं समाधान.

बोका ना, तो कपाटाखाली आहे. वाकून बघू नका — नवीन माणूस आलं की आधी लांबूनच चौकशी करतो, मग बाहेर येतो, मग तुमच्या चपलांचा वास घेतो, आणि मग ठरवतो. मुकादम म्हणतो आम्ही त्याला. काम काडीचं नाही, पण दुसरा कुणी काम करत असला की समोर येऊन बसणार आणि लक्ष ठेवणार — नळाचं काम करायला माणूस आला होता, तर त्याच्या पान्यावर पंजा ठेवून बसला होता, पाना उचलू देईना. डॉक्टर म्हणाले, तुम्ही शाळेच्या कचेरीत असता, चारला घरी येता, घर एकटीचं. चांगलं आहे. त्याला एकटं राहायची सवय लागेल. लागेल — सगळ्यांनाच लागते.

वर काय बघताय — आलेला माणूस आधी वरच बघतो आमच्याकडे. त्या कप्प्या मी बसवल्यात. मी लिफ्टचा मेकॅनिक, आयुष्यभर दोर आणि कप्प्या, दुसरं केलं काय. प्रत्येक कुंडीला आपली दोरी, प्रत्येक दोरीला खिडकीजवळ आपली खुंटी — ही दोरी सोडली की ती ठिपकेवाली खाली येते, ही सोडली की ती लाल देठाची, आणि त्या कोपऱ्यातली लिली. हो, लिली. आहे अजून. सांगतो ना. ही शाळेत बाई होती, पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायची, त्यामुळे हिच्या डोक्यात सगळं वर्गासारखं — बिनविषारी ती शहाणी पोरं, खाली जमिनीवर बसणार, आणि विषारी ती वात्रट, ती वर छताला. शहाण्यांचं बोक्यानं एखादं पान कुरतडलं तरी चालायचं, ती म्हणायची, असू दे, थोडी मस्करी चालते. वात्रटांच्या वाटेला जायचं नाही. पाहुण्यांना असं ओळीनं दाखवायची ती, हजेरी घेतल्यासारखी, प्रत्येकाचं पूर्ण नाव — मला तर अजूनही नावं येत नाहीत, मी आपला दोऱ्यांवरून ओळखतो.

खरं म्हणजे बोका तिला नकोच होता. मला नोकरीच्या शेवटच्या दिवसांत सापडला, एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत — मोटार गरम असते ना, तिला चिकटून झोपला होता, मूठभर जीव, ग्रीसनं काळा झालेला. घेऊन आलो. ही दारातच उभी राहिली, म्हणाली, हे बघा, झाडं आधी आलीत या घरात, त्यांना त्रास होणार असेल तर हा आल्या पावली परत. आणि खरंच होतं ते. झाडं माझ्याही आधीची. लिलीचे गड्डे तिच्या आईच्या घरचे — ही लग्न होऊन आली तेव्हा सामानात काय, तर एक ट्रंक आणि एक पत्र्याची बादली, बादलीत माती आणि मातीत ते गड्डे. माझे मित्र हसले होते, म्हणे वहिनींनी येतानाच शेत आणलंय. तेव्हापासून दर वर्षी तीच लिली फुलते. तर असा तो बोका नको होता, आणि आठ दिवसांत काय — हिच्या पायावर डोकं ठेवून झोपायला लागला. मग हीच गेली डॉक्टरांकडे, सगळ्या झाडांचं एकेक पान पिशवीत घालून, विचारून आली कुठलं चालतं, कुठलं नाही. आल्यावर मला म्हणाली, कप्प्या बसवा. नकोसं असलेलं असंच येतं बघा घरात, आणि मग त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पण पाणी घालायला झाडं खाली घ्यायला लागायची. दर रविवारी. आणि तेव्हा बोक्याचं काय करायचं — तर तिनं नियम केला, झाडं खाली, बोका आत. आत म्हणजे बाथरूममध्ये. आता हा मुकादम, हा बंद दाराआड गप्प बसणार आहे का, हँडलला लोंबकळून दार उघडायला शिकला, म्हणून मी बाहेरून कडी बसवली. मग आत एकटा ओरडायला लागला, असा की शेजारच्यांना वाटावं आम्ही त्याला कापतोय. म्हणून मग मीही आत. हसू नका — दर रविवारी मी आणि बोका बाथरूममध्ये, मी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचो, तो माझ्या मांडीवर, पेपर वाचायचो मी, बाहेरून ही कडी घालायची आणि मग कप्प्यांचा आवाज यायचा, एकेक कुंडी खाली येतेय, पाणी घालतेय, पानं पुसतेय, त्यांच्याशी बोलतेय. काय बोलायची ते नीट ऐकू यायचं नाही. माझ्याशी एवढं कधी बोलली नसेल. आणि सगळं झालं, कुंड्या वर गेल्या, की दारावर टकटक, कडी निघाली, या बाहेर दोघं. सांगतो तुम्हाला, ताई, माणूस म्हणतो सुख सुख — मला विचाराल तर ते त्या पालथ्या बादलीवर होतं. तेव्हा कुठं कळलं होतं, तेव्हा पाठ दुखते म्हणून कुरकुरायचो.

आणि एक गंमत झाली एकदा. सांगतो. बसलोय असाच आत, पेपर वाचून झाला, मागच्या पानावरच्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या, कप्प्यांचा आवाज कधीच थांबलाय, आणि टकटक काही होईना. म्हटलं, पानं पुसत असेल. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज आला. मग रेडिओ लागला. मी आतून हाक मारली — अगं, उघड की आता. तर रेडिओ बंद झाला. पावलं आली दारापर्यंत, थांबली. आणि ही बाहेरून विचारते, कोण आहे आत? मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, चोर आहे, उघड. तर खरंच पळत गेली ती, शेजाऱ्यांना घेऊन आली, बाथरूममध्ये कुणीतरी शिरलंय म्हणून, आणि शेजारी हातात काठी घेऊन, घाबरत घाबरत कडी काढतो तर समोर मी, मांडीवर बोका. किती हसलो आम्ही. शेजारी हसला, मी हसलो, तीही हसली. चहा केला तिनं सगळ्यांना. शेजारी अजून सांगतो तो किस्सा. तिला आदल्या रात्री झोप लागली नव्हती, झोप नाही झाली की माणूस असं जरा — होतं की असं. कुणाचंही होतं. मीसुद्धा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतो.

तुम्ही हसला नाहीत.

बरोबर आहे. मीही मग नंतर नंतर हसायचा थांबलो. आधी तिनं बोक्याला विसरायला सुरुवात केली. एके सकाळी मला म्हणते, हा कुणाचा बोका आलाय हो, मालक शोधत असतील. चांगल्या शब्दांत म्हणाली, हाकललं नाही, बशीत दूध घातलं, जसं बाहेरच्या एखाद्या मांजराला घालावं, आणि दार उघडून धरलं, जा म्हणाली आता घरी. तो जाणार कुठं. तो तिच्या पायाशी निजायला गेला तर पाय आखडून घेतले तिनं, अंगावर येतंय म्हणून. दोन-तीन वेळा असं झाल्यावर तो पलंगावर चढायचाच बंद झाला. दाराशी बसतो. मी त्याला म्हणतो, मुकादम, मनावर घ्यायचं नाही, तिला बरं नाहीये. मुक्या जनावराला काय सांगणार आणि काय कळणार. पण बसतो आपला दाराशी, ती बाहेर आली की उठतो, ती गेली की पुन्हा बसतो.

आणि मग ते झालं. डॉक्टरांनी सांगितलंच असेल — काय सांगितलं? लिली खाल्ली म्हणून, एवढंच ना? हो, तसंच सांगायला मी सांगितलं होतं त्यांना. पण तुम्ही नेताय तर तुम्हाला माहीत हवं. रविवार होता. मी तिच्या गोळ्या आणायला खाली गेलो होतो, कोपऱ्यावरच, म्हटलं येतो लगेच, आल्यावर करू पाणी. परत आलो तर सगळ्या दोऱ्या सोडलेल्या, कुंड्या जमिनीवर ओळीत, आणि ही खुर्चीत बसलेली, पदराला हात पुसत, चेहऱ्यावर इतकं समाधान — शाळा सुटल्यावर पोरं नीट रांगेत गेली की असायचं ना तसं. मी म्हटलं, बोका कुठाय? म्हणाली, आत आहे, कडी घातलीय. मला हायसं वाटलं, म्हटलं, बोक्याला ओळखलंन्, नियम ध्यानात आहे. मग बघतो तर कोपऱ्यात लिली नाही. म्हटलं, लिली कुठाय? तर म्हणाली, तीही आतच ठेवलीय. दोघं आत आहेत, काळजी करू नका.

म्हणजे तिनं जपलंच होतं, ताई. दोघांनाही जपलं होतं. जे जपायचं ते कडी घालून आत ठेवायचं, एवढं तिच्या ध्यानात राहिलं होतं, आणि कुणाला कुणापासून, तेवढंच गेलं होतं. मी दार उघडलं तर हा पालथ्या बादलीवर बसलेला, आणि मिशा पिवळ्या. तशाच मिशा पाण्यानं धुतल्या, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि पळत सुटलो — या वयात धावलो मी, डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत बोलता येईना, नुसती लिली लिली म्हणत होतो. लवकर आणलंत म्हणून वाचला म्हणाले. सलाइनवर होता, इतका सुकला होता की उचलला तर टॉवेलाचंच वजन जास्त. ही रोज विचारायची, तुम्ही रोज कुठं जाता? म्हणायचो, एक ओळखीचे आजारी आहेत. म्हणायची, बरं, माझाही नमस्कार सांगा त्यांना. सांगायचो मी. खोटं कशाला बोलू, पिंजऱ्यापाशी उभं राहून सांगायचो. परत आणला तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पण मूत्रपिंडाला लागलंय ते लागलंय, पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणूसुद्धा नका.

तुम्ही आता म्हणणार, झाडं काढून टाका. म्हणा की, सगळे म्हणतात. माझी मेहुणी तर रोज फोनवर सांगते — उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय — झाडं काढा, चांगली प्लास्टिकची लावा, हल्ली ओळखूसुद्धा येत नाहीत. काढली की मी. मला काय झाडांशी वैर नाही आणि बोक्याशी लग्न नाही, जे सोपं ते आधी करावं माणसानं. ही झोपलेली असताना सगळी वात्रट गच्चीवर नेऊन ठेवली, आणि त्यांच्या जागी बाजारातून चांगली निवडून, डॉक्टरांना विचारून, बिनविषारी आणली, त्याच कुंड्यांएवढ्या कुंड्या, त्याच दोऱ्यांना. मला वाटलं जमलं. उठली, बाहेर आली, वर बघितलं. आत गेली, पर्स घेऊन आली, त्या दाराजवळच्या खुर्चीत बसली पर्स मांडीवर घेऊन. म्हटलं, काय गं? तर म्हणते, उशीर झाला हो, निघायला हवं मला, घरी वाट बघत असतील. म्हटलं, अगं, हेच घर. तर माझ्याकडे असं बघितलं — रागावून नाही, आपण परक्याच्या घरी असताना बघतो ना, यजमान दुखावू नये म्हणून. म्हणाली, तुमचं घर छान आहे. सगळा दिवस बसली तशी. जेवली नाही, लोकांकडे कसं जेवायचं म्हणून. दिवे लागले तरी पर्स सोडेना. शेवटी मी गच्चीवर गेलो, एकेक कुंडी खाली आणली, त्याच दोऱ्यांना तीच बांधली, आणि लिली वर गेली तशी ही उठली, तिच्याखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पोचले बाई एकदाची. आणि पर्स खुंटीला लावली.

आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं काढू झाडं? दोऱ्यांना कुलपं घालून बघितली — मेकॅनिक माणूस, मला काय अवघड — तर ती स्टुलावर चढली, या वयात, एका हातात तांब्या. डोळ्यात तेल घालून बसतो म्हटलं, तर माणूस अंघोळीला जातो, माणसाला डुलकी लागते. बोक्याला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं तर ही दार उघडते, कोण ओरडतंय म्हणून. सगळं करून झालंय, ताई. दोघांतलं एकच राहणार होतं घरात, आणि झाडांमुळे तिला हे घर वाटतं, बोक्यामुळे वाटत नाही. बोक्यामुळे फक्त —

जाऊ दे. तुम्हाला एक सांगतो, मला काय दिसतं ते. लिफ्ट वरून खाली येताना जसा एकेक मजला सुटत जातो ना, तसं आहे हे. सगळ्यात वरचा मजला बोक्याचा, तो शेवटी आला, तो आधी सुटला. मग शेजारी, हा पत्ता. मग शाळेतली शेवटची वर्षं. झाडं तळमजल्याला आहेत, तिच्या आईच्या अंगणातली, तिथं पोचायला वेळ आहे. मी आपला मध्ये. झाडांच्या वर, बोक्याच्या खाली. तसं मला ओळखते ती, तुम्ही तसं बघू नका, चांगली ओळखते. काल म्हणाली, तुम्ही फार चांगले आहात, सगळं किती बघता. ओळखीशिवाय कुणी असं म्हणतं का? सकाळी मी दात घासत होतो तर बाथरूमच्या दाराशी येऊन थांबली, म्हणाली, तुमचं झालं की मला सांगा हं, घाई नाही. अशी बोलते. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी एवढ्या अदबीनं बोलली नव्हती. बोलायची ती ओरडून बोलायची, टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, चहा सांडला म्हणून. परवा मी मुद्दाम टॉवेल ओला तसा पलंगावर टाकला. तिनं उचलला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. तुमचा राहिला म्हणाली.

मला काय झालंय, डोळ्यात काही नाही, या कुंडीचं पाणी उडालं असेल. मुकादमाचं सांगत होतो. हा आला बघा बाहेर. चपलांचा वास घेतोय. घेऊ दे. हात पुढे करू नका, त्यानं करायला हवा. त्याला भांड्यातलं पाणी चालत नाही, नळ बारीक सोडायचा, धारेचंच पितो, आणि पाणी भरपूर पाजा, डॉक्टरांनी सांगितलंय ते मूत्रपिंडासाठी. कप्पीसारखा कसला आवाज झाला, तुमच्याकडे पडद्याचा होईल कदाचित, की उठून बाथरूममध्ये जाऊन बसेल. तेव्हा त्याला हसू नका. थोडा वेळ बसू द्या, जमलं तर तुम्हीही बसा. आणि संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की दाराशी जाऊन बसतो — माझी पावलं ओळखतो, मजल्यावर पोचायच्या आधी ओळखतो. मी दार उघडलं की मान वर करून बघतो आणि एकदाच आवाज करतो. बास, एकदाच, जास्त नाही. हजेरी लावल्यासारखं. तेवढं एक होतं, ताई, की घरात शिरलं की कुणीतरी म्हणायचं, आलास का. आता तुमच्याकडे सुरुवातीला बसेल दाराशी, कुणाची तरी वाट बघेल. मग विसरेल. विसरलेलं बरं असतं, विसरणाऱ्याला काही त्रास नसतो, मी रोज बघतो.

टोपली चांगली आणलीत, झाकणाची. थांबा, मी घालतो, माझ्या हातचा जाईल. ये रे मुकादम. ये. हां. असं. बघा, किती हलका झालाय. झाकण लावा, त्या बाजूची कडी आधी, हं. ओरडला नाही बघा. मला वाटलं होतं ओरडेल.

अगं, उठलीस? हळू — हळू, चप्पल घाल पायात, फरशी गार आहे. काय म्हणालीस?

हो. हो, मीच. बोका न्यायला आलेला तो मीच. हो, मिळाला, आहे या टोपलीत, काही त्रास नाही दिला. माझाच आहे तो, हरवला होता. तुम्ही एवढे दिवस त्याला दूध घातलंत, फार उपकार झाले. घरी? घरी बायको आहे माझी. नाही, ती नाही रागावणार. आधी नको म्हणते कुठल्याही गोष्टीला, मग लळा लागतो तिला. हो, सांगतो ना, तुमचा नमस्कार सांगतो. या ताई होय, या तुमच्याकडे आल्यात, तुमची झाडं बघायला. दाखवा त्यांना सगळी. नावं सांगा.

ताई, ऐका — उठू नका, बसा. तिच्यासमोर डोळे पुसू नका, ती घाबरते. मी टोपली घेऊन जिन्यात उभा राहतो, तिला पटायला हवं की माणूस गेला. थोड्या वेळानं बेल वाजवीन. दार तुम्ही उघडा. तिला उघडू देऊ नका — ती विचारील, कोण हवंय म्हणून, आणि आज मला ते सांगता यायचं नाही.

बरं आहे, बाई. येतो मी.